बेटाचे बारसे कोणी करायचे?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात किल्ला बांधायला घेतला आणि त्याला सिंधुदुर्ग हे नाव दिले. मुहूर्ताची पूजा किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी झाली असे सांगतात, तो मोरयाचा धोंडा अजून त्याच नावाने ओळखला जातो. पुढे १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचे फोर्ट ऑगस्टस करून टाकले. वर्षभरात तो कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि ऑगस्टस गॅझेटियरच्या पानांत पडून राहिला. १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा दक्षिणेकडच्या भागाला नाव मिळाले ते याच किल्ल्याचे. एका खडकाळ बेटाला मिळालेल्या तीन नावांपैकी पहिले आज इतिहासाच्या पुस्तकांत उरले आहे, तिसरे टिकलेच नाही आणि दुसरे पाण्यातून निघून थेट घाटाखालच्या गावांपर्यंत पोचले. एकच नाव का रुजते आणि दुसरे का गळून पडते, हा प्रश्न ध्रुवप्रदेशांच्या नकाशावर जास्त उघडा पडतो, कारण तिथल्या कित्येक बेटांना आणि शिखरांना नाव देताना शेजारी हरकत घ्यायला कोणी नव्हते. म्हणून मालवणचा वाद थोडा ध्रुवापर्यंत नेऊन परत आणावा म्हणतो.

त्यासाठी दोन माणसे बोलायला बसवली आहेत. दोघेही कल्पित आहेत, पण या किनाऱ्यावर त्यांच्यासारखी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. एक कप्तान, उभी हयात व्यापारी जहाजांवर घालवून गावी परतलेले. दुसऱ्या बाई, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मधे तोंड घालण्याची मोकळीक मी स्वतःला दिली आहे.

पहिला वार बाईंचा. “कप्तान, तुमच्या त्या नकाशांवरचा दक्षिण ध्रुव म्हणजे निव्वळ आभारप्रदर्शन आहे. फ्रेंच द्युर्व्हिलला १८४० मध्ये बर्फाळ किनारा दिसला, त्याने त्याला बायकोचे नाव दिले, अदेली. नॉर्वेवाल्यांनी आपल्या राणीचे दिले. आपले मैत्री केंद्र त्या क्वीन मॉड लँडवरच उभे आहे, आणि ज्या शिर्माकर टेकड्यांत ते आहे त्या १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतल्या एका वैमानिकाच्या नावाच्या. उत्तरेला फ्रान्झ जोसेफ लँड. ऑस्ट्रियाचा तो सम्राट तिकडे कधी फिरकला नाही. ब्रिटिशांच्या समितीने तर अलेक्झांडर बेटावर संगीतकार वाटले, एकाला मोझार्ट, दुसऱ्याला बीथोव्हेन. ज्याने त्या जागेचे वारे अंगावर घेतले नाही, त्याचे नाव त्या जागेला लावायचे, याला नामकरण म्हणायचे की खिरापत?” बाईंचा आक्षेप नवा नाही, पण बिनतोड वाटतो. या नावांतून त्या जागेबद्दल काहीच कळत नाही. मोहिमेचा हिशोब कोणी भरला, एवढेच कळते.

कप्तान हसतात. “बाईनू, मगे काय पेंग्विनाक इचारूक होया होता?” मग सरळ मुद्द्यावर येतात. अंटार्क्टिकावर कायमची मानवी वस्ती कधीच नव्हती. जहाज किनाऱ्यापाशी गेले की रोजनिशीत काहीतरी लिहावे लागते, नाहीतर मागून येणाऱ्याला काय सांगणार? आणि जहाजे हवेवर चालत असली तरी मोहिमा पैशावर चालतात. “आपण वेगळे काय केले?” ते विचारतात. “डिसेंबर १९८१ मध्ये आपली पहिली मोहीम गोव्याहून निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. मैत्रीजवळच्या गोड्या पाण्याच्या तलावाला नाव मिळाले प्रियदर्शिनी. तेव्हा पंतप्रधान कोण होते ते तुम्ही शाळेत शिकवले असणार. आणि आपले ध्रुवीय संशोधन केंद्र ज्या शहरात आहे त्याचे नाव वास्को द गामा. तिथे बसून आपण परक्यांनी दिलेल्या नावांवर रागवायचे, हे जरा अवघडच.” टोमणा चपखल आहे. पण कप्तानांचा खरा मुद्दा पुढे येतो. त्यांच्या मते नाव कोणाचे आहे याला दर्यावर फारशी किंमत नसते, जागा बरोबर आहे की नाही याला असते. बूव्हे या फ्रेंच खलाशाला १ जानेवारी १७३९ ला दक्षिण अटलांटिकात जमीन दिसली. ख्रिस्ती पंचांगात त्या दिवशी येशूच्या सुंतेचा सण, म्हणून त्याने तिचे केप सर्कमसिजन केले. धुक्यात त्याला ते बेट आहे की खंडाचे टोक हेही उमगले नाही, आणि स्थान इतके चुकीचे नोंदले गेले की पुढे कॅप्टन कुकला शोधूनही ते सापडेना. पिअरीने तर कमाल केली. १९०६ मध्ये उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत दूरवर भूमी दिसल्याचे सांगून त्याने तिला क्रॉकर लँड हे आपल्या एका धनिक आश्रयदात्याचे नाव दिले. १९१३ मध्ये ती भूमी शोधायला मोठी मोहीम निघाली. नाव होते, नकाशा होता, जमीन नव्हती. क्षितिजावर दिसले ते मृगजळ होते.

इथे बाई कप्तानांना त्यांच्याच दाखल्यात पकडतात. “क्रॉकर लँडच्या मोहिमेबरोबर इनुइट शिकारी होते. डोंगर दिसले म्हणून गोरे नाचायला लागले, तेव्हा त्यांतल्या एकाने सांगितले होते की हे धुके आहे. ऐकले कोणी? पाच दिवस बर्फ तुडवून मग पटले.” पाच दिवस की कमीजास्त, हा हिशोब बाईंचा. पण शिकाऱ्याचे सांगणे मोहिमेच्या वृत्तांतात आहे आणि मुद्दा पक्का आहे. यापेक्षा मोठा पुरावा एरेबस आणि टेरर या जहाजांचा. १८४१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस ही दोन जहाजे घेऊन अंटार्क्टिकाला गेला आणि तिथल्या दोन ज्वालामुखी पर्वतांना त्याने जहाजांचीच नावे दिली. ती आजही आहेत. माउंट एरेबस अजून धुमसतो. चारच वर्षांनी, १८४५ मध्ये, हीच जहाजे फ्रँकलिनच्या हाताखाली उत्तरेला, कॅनडाच्या वरच्या बेटांच्या जाळ्यात गेली आणि १२९ माणसांसह नाहीशी झाली. जॉन रे याने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत १८५४ मध्ये लंडनला कळवली. गोऱ्या माणसांची उपासमार झाली, शेवटी त्यांनी माणसांचे मांस खाल्ले, असे त्यात होते. लंडनला ते सहन झाले नाही. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने आपल्या साप्ताहिकातून इनुइट लोकांच्या साक्षीला खोटे ठरवले. आणि शेवटी काय झाले? एरेबस २०१४ मध्ये सापडले ते इनुइट तोंडी परंपरेने दाखवलेल्या टापूत, टेरर २०१६ मध्ये सापडले ते एका इनुइट रेंजरच्या सांगण्यावरून. दक्षिणेला दोन शिखरांवर कोरली गेलेली जहाजे उत्तरेत दीडशेहून अधिक वर्षे बेपत्ता राहिली. ती कुठे आहेत याची आठवण ज्यांनी जपली, त्यांच्या भाषेतली नावे इंग्रजी नकाशावर नव्हती.

या एका दाखल्यावर माझे मत बरेचसे उभे आहे. नाव देणारा आणि नाव वापरणारा वेगळे असू शकतात. जागेचे ज्ञान वापरणाऱ्याकडे असते, आणि वापरणारा टिकला तर नावही टिकते. उत्तर कॅनडातल्या एका वस्तीला इंग्रज खलाशाच्या नावावरून फ्रोबिशर बे म्हणत. १९८७ मध्ये तिथल्या लोकांनी तिचे इकालुइट केले. इनुइट भाषेत त्याचा अर्थ भरपूर मासे मिळण्याची जागा. समोरच्या आखाताचे नाव मात्र फ्रोबिशर बेच राहिले. कोणाचे जहाज त्यामुळे खडकावर आपटले नाही.

पण कप्तान इतक्यात हार मानणारे नाहीत, आणि त्यांचा पुढचा आक्षेप सगळ्यात अवघड आहे. “बाई, तुम्ही वापरणाऱ्याचे नाव म्हणता. मग कुरटे हे इथल्या दर्यावर जगणाऱ्यांचे नाव होते की नाही? सिंधुदुर्ग वरून आले, दरबारातून. राजाने दिलेले चालते आणि राणीने दिलेले खटकते, हा न्याय कुठला? विजयदुर्गाचेही तेच. गिर्ये गावाजवळचा म्हणून घेरिया. महाराजांनी १६५३ मध्ये घेतला आणि विजयदुर्ग केला, तरी शंभर वर्षांनी, १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह त्यावर चालून आले तेव्हा त्यांच्या कागदांत घेरियाच होते.” बाई क्षणभर गप्प होतात, आणि त्यांचे गप्प होणे प्रामाणिक आहे. या आक्षेपाला अभिमानाने उत्तर देता येत नाही.

उत्तर बांधकामात आहे. सिंधुदुर्ग हे नाव फर्मानात लिहून थांबले नाही. त्यामागे तीन वर्षांचे काम आहे, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट आहे, पायात ओतलेले शिसे आहे आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. या विहिरींची नावे बघा. एकाही सेनापतीचे नाव त्यांत नाही. घागर भरणाऱ्यांच्या तोंडची नावे आहेत. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. दरबारातून आलेले नाव लोकांच्या वापरात उतरले म्हणून जगले. फोर्ट ऑगस्टसला हे भाग्य लाभले नाही. किल्ला घेणाऱ्यांनाच तो परवडेना, तर त्यांचे नाव कोण पोसणार? बाणकोटच्या फोर्ट व्हिक्टोरियाला थोडे जास्त आयुष्य मिळाले, पण आज तिथे जाणारा मराठी माणूस बाणकोटलाच जातो. घेरिया इंग्रजांच्या दप्तरात शतकभर टिकला तोही त्यांच्या वापरामुळे. ते गेले, तो गेला. नाव देशी की परदेशी, राजाचे की रयतेचे, हा फरक यात निर्णायक नाही.

हे बाईंना पटते, आणि पटल्यावर त्या जरा जास्तच पुढे जातात. “मग आपल्या समुद्रातली परकी नावे काढून टाका. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत पाण्याखाली प्रवाळाचे एवढे मोठे पठार आहे, त्याला आंग्रिया बँक म्हणायचे? आणि वेंगुर्ल्याच्या खडकांना बर्न्ट आयलंड्स?” या मागणीवर मी कप्तानांच्या बाजूला आहे. आंग्रिया म्हणजे कान्होजी आंग्रे आणि त्यांचे वंशज. इंग्रजांनी ते नाव आपल्या जिभेला वळेल तसे लिहिले. ज्यांच्या गलबतांनी कंपनीच्या जहाजांची झोप उडवली, त्यांचेच नाव कंपनीवाल्यांच्या नकाशात पाण्याखाली वीस-पंचवीस मीटर खोल असलेल्या पठाराला चिकटले. शत्रूने दिलेली अशी पोच पुसून आपण काय मिळवणार? बर्न्ट आयलंड्सची गोष्ट तर याहून जुनी. पोर्तुगीज खलाशी या खडकांना जळकी बेटे म्हणत, इंग्रजांनी तेच आपल्या भाषेत घेतले. त्याच्याही आधी, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात सेसेक्रिएनाई नावाच्या बेटांचा उल्लेख येतो. काही अभ्यासक ती हीच बेटे मानतात. किनाऱ्यावरचा माणूस तिथल्या दीपगृहाला निवतीचे दीपगृह म्हणतो, कारण त्याला ते निवतीसमोर दिसते. यातले प्रत्येक नाव बेट कोणत्या बाजूने पाहिले याची साक्ष आहे, आणि त्यातले एक काढून दुसरे ठेवले की एक साक्षीदार कमी होतो.

खांदेरीचा अनुभव इथे आठवावा. सरकारने त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले. हेतू चांगला होता, माणूस तर त्या सन्मानाला शंभर टक्के पात्र. तरी २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांच्या शेजारी नोंद झाली ती खांदेरीची. दर्यासारंगाला यात कमीपणा आला असे मला वाटत नाही. त्यांचे नाव पाण्याखालच्या पठारावर कोणत्याही ठरावाशिवाय टिकून आहे.

कप्तानांच्या भात्यात अजून दोन बाण उरतात. पहिला सुरक्षेचा. संकटात सापडलेली होडी बिनतारी संचावर एका नावाने जागा सांगते आणि तटरक्षक दलाच्या नकाशावर दुसरेच नाव असते, तर माणसे मरतील. म्हणून एका जागेला एकच नाव हवे. यातली काळजी खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. घाबरलेला माणूस रोज वापरतो तेच नाव उच्चारणार. ते नकाशावर नसेल तर धोका वाढतो, कमी होत नाही. आणि अनेक नावे सांभाळणे अशक्य नाही, हे अंटार्क्टिकानेच दाखवले आहे. दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलेल्या तिथल्या द्वीपकल्पाला ब्रिटिश ग्रॅहम लँड म्हणत, अमेरिकन पामर, अर्जेंटिना सान मार्तिनची भूमी म्हणते आणि चिली ओ’हिगिन्सची. ब्रिटन आणि अमेरिका यांनी १९६४ मध्ये अंटार्क्टिक पेनिन्सुला हे तडजोडीचे नाव मान्य केले आणि जुनी दोन नावे द्वीपकल्पाच्या दोन भागांना वाटून दिली. बल्गेरियासारख्या छोट्या देशाने १९९४ मध्ये आयोग नेमून तिथल्या हिमनद्यांना आणि शिखरांना हजाराहून अधिक नावे दिली, त्यांत आपल्या गावाखेड्यांचीही. हे सगळे एका सामायिक नामकोशात जाते. त्यात प्रत्येक देशाने दिलेले नाव जागेच्या अक्षांश-रेखांशांसह शेजारी शेजारी नोंदलेले असते. तिथे एका जागेला दोन-तीन नावे असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि त्यामुळे कोणी वाट चुकत नाही, कारण आकडे एकच असतात. निर्मनुष्य खंडावर हे जमते, तर तांडेलांनी भरलेल्या किनाऱ्यावर का जमू नये?

दुसरा बाण जास्त बोचरा आहे. “तुमचे गावकरी काय नावे देतात ते तरी बघा,” कप्तान म्हणतात. “कर्ली खाडीच्या मुखाशी, देवबागजवळ वाळूचे बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आले असे सांगतात. त्याचे झाले त्सुनामी आयलंड. मालवणातल्या खडकाळ किनाऱ्यावरच्या बागेचे रॉक गार्डन. हीच का तुमची लोकपरंपरा?” बाई नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. पर्यटकांच्या होड्या चालवणारा माणूस आपल्या धंद्याला उपयोगी नाव घेतो, जसा त्याचा आजा जाळे कुठे टाकायचे ते ध्यानात ठेवायला घेत असे. नाव वापराने जगते, हे मान्य केले की त्सुनामी आयलंडही मान्य करावे लागते. चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. एक वापर वाढतो आहे आणि दुसरा आटतो आहे. पाण्याखालचे खडप ओळखायला जुना तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरी, एखाद्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा खांदा. त्या खुणांबरोबर खडपाचे नाव जाई, आणि नावाबरोबर तिथे कोणता मासा कधी मिळतो ते. आता होडीवर जीपीएस आहे. त्यात जागा आकड्याने साठवता येते आणि बटण दाबले की पुन्हा मिळते, नावाची गरज उरत नाही. क्रॉकर लँडला नाव होते आणि जागा नव्हती. मालवणच्या खडपांची गत उलटी होत चालली आहे.

शिवाय इथे प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. त्याच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे बुडीत खडक येतात. मासेमारी कुठपर्यंत चालेल आणि कुठून नाही, यावर तेव्हापासून वाद आहेत. अशा वादात एका बाजूकडे नकाशा आणि आकडे असतात, दुसऱ्या बाजूकडे पिढ्यान्पिढ्यांची नावे. जे कागदावर नाही ते सुनावणीत टिकत नाही. रे याने लंडनला कळवलेल्या हकिगतीचे काय झाले, ते वर आलेच आहे.

म्हणून माझा कौल असा. आंग्रिया बँक राहू द्या, बर्न्ट आयलंड्स राहू द्या, त्सुनामी आयलंडही राहू द्या. नवी बारशी करायला समित्या नेमू नका. आधी आहेत ती नावे लिहून काढा. वाडीवाडीत नावे वेगळी निघतील, हा कप्तानांचा उरलासुरला आक्षेप खरा आहे. निघू द्या, सगळी लिहा, वाडीच्या नावासह. प्रत्येक खडपाची खोली, किनाऱ्यावरच्या खुणा, तिथला मासा, आणि अक्षांश-रेखांश. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मच्छीमार सोसायट्या आणि शाळा मिळून हे करू शकतील, आणि तयार नोंदवही देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडे पाठवता येईल. पावसाळी मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तांडेल घरी असतात. ज्यांच्या घरात असा सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, त्यांनी यंदाच्या बंदीत वही काढावी.